कोंडुऱ्याला उसने नाव कशाला?

मराठी कथेत एखादे झाड बोलू लागले किंवा मेलेला माणूस ओसरीवर येऊन बसला, की 'जादुई वास्तववाद' असा शिक्का मारून मोकळे व्हायचे, अशी रीत पडली आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्याही या शिक्क्यातून सुटत नाहीत. आम्हां कुडाळकरांना हे मान्य नाही.

आधी साल पाहावे. 'कोंडुरा' १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. गार्सिया मार्केझ यांची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' मूळ स्पॅनिशमध्ये आली १९६७ साली. तेंडोलीत जन्मलेल्या आणि एकेकाळी कुडाळात खानावळ चालवणाऱ्या लेखकाने कोलंबियाकडून काय उसने घेतले असणार? मार्केझ यांचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. त्यांनाही आपला सूर आजीच्या गोष्टींतच सापडला होता.

परंतु आमचा आक्षेप केवळ सालांपुरता नाही. नाव दिले, की वाचन थांबते. 'कोंडुरा'त परशुरामतात्यांना दैवी वर लाभतो आणि त्याबरोबर ब्रह्मचर्याचे बंधनही येते. वर खरा की भास, एवढाच तेथे प्रश्न नाही. आपल्याला दैवी शक्ती लाभली, असे मानणारा माणूस तिच्या बळावर दुसऱ्याच्या आयुष्यात कोठवर हात घालू शकतो, हा खरा प्रश्न आहे.

अशा लेखनाने अंधश्रद्धा वाढते, असे काही जण म्हणतील. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो योग्यच झाला. पण भोंदू बुवा प्रश्न विचारू देत नाही; चांगली कादंबरी मात्र प्रश्न विचारल्यावाचून वाचताच येत नाही.

आपल्या धर्मग्रामांतील तरुण लेखकांनी हे ध्यानी घ्यावे. नवस बोलला, ताप उतरला, कथा संपली. असा चमत्कार श्रद्धावंत वाचकालाही अपुरा वाटला पाहिजे. शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात, पण आभार मानण्यास एकच परत येतो, आणि तोही शोमरोनी. वृत्तांत बरे होण्यापाशी थांबत नाही. उरलेले नऊ कोठे आहेत, असे प्रभू विचारतो.

मार्केझ अवश्य वाचावेत. पण चमत्कारानंतर माणसाचे काय होते, हे ज्याला लिहावयाचे आहे, त्याने प्रथम 'कोंडुरा' उघडावी.