दिसलेली फाइल म्हणजे मिळालेली फाइल नव्हे!



मागच्या वर्षीची गोष्ट. दहावीची सराव प्रश्नपत्रिका मी स्टाफरूममधल्या लॅपटॉपवर उघडून बघितली आणि संध्याकाळी लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रोजेक्टर लावला, मुलं वह्या काढून बसली आणि नेमकं नेट गेलेलं. पडद्यावर कोरं पान! "सर, काल तर उघडली होती ना?" एकाने विचारलं. उघडली होती खरी, पण माझ्याकडे ती आलीच नव्हती.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची इथेच गफलत होते. 2010 मध्ये क्रोममध्ये आणि 2013 मध्ये फायरफॉक्समध्ये पीडीएफ दाखवण्याची सोय आतच आली. वेगळं सॉफ्टवेअर लागेनासं झालं. सोय चांगलीच आहे. पण टॅब बंद केला की हाती काही उरत नाही. फळ्यावरचं नुसतं वाचलं म्हणजे ते वहीत उतरलं, असं आपण मुलांना कधी म्हणू देतो का?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की शाळेतल्या आणि घरातल्या कॉम्प्युटरवर पीडीएफ थेट डाउनलोड व्हावी, अशीच सेटिंग असावी. दोन मिनिटांचं काम आहे.

क्रोम : सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → साइट सेटिंग्ज → अॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज → पीडीएफ डॉक्युमेंट्स. इथे 'डाउनलोड पीडीएफ्स' निवडा.

फायरफॉक्स : सेटिंग्ज → जनरल → अॅप्लिकेशन्स. 'पोर्टेबल डॉक्युमेंट फॉरमॅट'च्या समोर 'सेव्ह फाइल' निवडा.

सेटिंग बदलायची नसेल, तर लिंकवर राइट क्लिक करून 'सेव्ह लिंक अॅज' करा. फाइल टॅबमध्ये उघडलीच असेल, तर कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबा.

काही जण म्हणतील, "कॉम्प्युटर फाइलींनी भरून जाईल!" भरेल, नीट ठेवल्या नाहीत तर. इयत्तेनुसार फोल्डर करा, फाइलला विषय आणि वर्षाचं नाव द्या. एक काळजी मात्र जरूर घ्या. सायबर कॅफेत किंवा सगळ्यांच्या वापरातल्या कॉम्प्युटरवर मुलांचे दाखले, गुणपत्रिका डाउनलोड केल्या, तर काम झाल्यावर त्या आठवणीने डिलीट करा. नाहीतर मुलाचा दाखला कोणाच्याही हाती पडेल.

पालकहो, तुमच्यासाठी हे आणखी महत्त्वाचं आहे. एकदा डाउनलोड केलेलं पाठ्यपुस्तक नेट नसतानाही उघडतं. रिचार्ज संपला म्हणून मुलाचा अभ्यास थांबत नाही.

तेव्हा आज घरी मुलाला एवढंच विचारा : "फाइल बघितलीस, की ठेवलीस?" नेट बंद करून त्याला ती उघडून दाखवायला सांगा. उघडली, तर ती खरी आपली!