अनिवासी आईबाप, निवासी मूल

मस्कतहून आमच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. गृहस्थ अभियंते आहेत, पत्नीही नोकरी करतात. मुलगा आठ वर्षांचा असून तिसरी संपवीत आहे. पुढील वर्षी त्याला भारतातील एखाद्या पूर्ण निवासी शाळेत ठेवण्याचे उभयतांनी निश्चित केले आहे. आम्ही गेली तीस वर्षे दिल्लीत राहत असल्यामुळे डेहराडून-मसुरीच्या शाळा आमच्या अंगणातल्याच. तेव्हा त्यांतील कोणती घ्यावी हे आम्ही कळवावे, असा त्यांचा आग्रह आहे. पत्रासोबत परिश्रमपूर्वक केलेला एक तक्ता आहे. सहा शाळा आणि चौदा रकाने : वार्षिक शुल्क, परीक्षांचे निकाल, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, पोहण्याचा तलाव, घोडे, परदेशी विद्यापीठांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची संख्या, आणि असेच. तक्ता नमुनेदार आहे. त्यात रविवारचा रकाना मात्र नाही.

खाजगी उत्तर धाडून हे प्रकरण मिटविता आले असते. परंतु अशी पत्रे आम्हांला दुबईहून येतात, नैरोबीहून येतात, आणि त्यांतील युक्तिवाद इतका एकसाची असतो की त्याची एकदा चारचौघांत झडती घेणे आम्हांला अवश्य वाटते. मूल स्वावलंबी होईल, हा पहिला मुद्दा. निवासी शिक्षण ही आपली गुरुकुलाचीच परंपरा, हा दुसरा. आणि परदेशात वाढला तर तो आपला राहणार नाही, भारतात राहिला तर भाषा आणि संस्कार टिकतील, हा तिसरा. हे तीनही मुद्दे आम्हांला अमान्य आहेत. तिसरा तर सर्वांत अधिक, कारण तो आमच्यासारख्या परप्रांतस्थ मराठी माणसाच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवून आमची संमती उकळू पाहतो.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो : निवासी शाळेचे आम्ही वैरी नाही. 'बोर्डिंग' हा शब्द मराठी खेड्यापाड्यांत पोचला तो साहेबाच्या पोरांमुळे नव्हे. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पाठोपाठ इतर समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. त्या मुलांच्या गावी शिक्षणाची सोय नव्हती. घर सोडल्यावाचून अक्षर नाही, अशी त्यांची अवस्था होती. आणि घर सोडून ती जेथे आली तेथे लक्ष्मीबाई होत्या. मुलांच्या दाण्यागोट्यासाठी त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले, हे सातारा जिल्ह्यात आजही घरोघर सांगतात. त्या बोर्डिंगात घोडे नव्हते, पण मुलाने जेवण टाकले तर ते ज्यांच्या ध्यानात येईल अशी माणसे होती.

मस्कतच्या मुलाची अवस्था तशी आहे काय? मस्कतमध्ये १९७५ पासून भारतीय शाळा आहे, दुबईत तर १९६१ पासून आहे. बारावीपर्यंत भारतीय अभ्यासक्रम शिकविणाऱ्या शाळा आखाती देशांत आज पुष्कळ आहेत. आईबाप एका घरात राहतात, मुलाला खोली आहे, शाळेची बस दाराशी येते. येथे गरज कोणाची, हा प्रश्न आम्ही अत्यंत सौम्यपणे विचारीत आहोत.

गुरुकुलाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. गुरुकुल म्हणजे गुरूचे कुळ, त्याचे चालते-बोलते घर. तेथे गुरुपत्नी होती, गोठा होता, घरातली कामे होती. चारशे मुले, तीन मजली इमारत आणि पाळीपाळीने बदलणारे गृहपाल यांना गुरुकुल म्हणणे म्हणजे खानावळीला माजघर म्हणण्यासारखे आहे.

आता तिसऱ्या मुद्द्याकडे वळतो. आणि येथे आम्हांला थोडे आमच्या घरातले सांगितले पाहिजे.

दूरस्थ पालकांच्या मुलासाठी शाळा एक 'स्थानिक पालक' मागते. अर्जावर त्याची सही असते, मधल्या सुट्ट्यांत मूल त्याच्याकडे जाते. २०११ ते २०१७ अशी सहा वर्षे आम्ही आखातातील एका परिचित दांपत्याच्या मुलाचे असे स्थानिक पालक होतो. आठव्या वर्षी तो डोंगरावरच्या एका नामांकित शाळेत दाखल झाला. पहिल्या सुट्टीत शताब्दीने रात्री उशिरा नवी दिल्लीस उतरला तेव्हा पेटीवर नावाखाली क्रमांक रंगविलेला होता, आणि घरी आल्यावर पाणी पिऊ का, असे त्याने विचारले. सहा वर्षांत हा प्रश्न सुटला नाही. चौदाव्या वर्षीही तो आमच्या घरी फडताळ उघडण्यापूर्वी परवानगी मागे, पहाटे साडेपाचला अंथरुणाची घडी घालून कडेला बसून राही, आणि ताट दहा मिनिटांत रिकामे करी. यालाच पत्रलेखक महाशय स्वावलंबन म्हणतात. बूट तो स्वतः पुशी हे खरे. पण ज्या घरात मुलाला विचारल्यावाचून पाणी पिता येत नाही ते त्याने आपले मानलेले नसते, आणि असे घर त्याला कोठेच उरले नव्हते. कारण मस्कतला गेल्यावरही तो तसाच विचारतो, असे त्याच्या आईनेच आम्हांला एकदा दूरध्वनीवर सांगितले. त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही.

आणि भाषा? तेराव्या वर्षी तो मराठी बोले ते आठ वर्षांच्या मुलाचे. खाणेपिणे, नातीगोती, रुसवेफुगवे यांचे शब्द त्याच्याजवळ होते. संशय, लाज, मत, पश्चात्ताप यांचे नव्हते. कारण हे शब्द मूल नवव्या-दहाव्या वर्षानंतर, मोठ्यांची बोलणी ऐकत ऐकत उचलते, आणि तोपर्यंत तो मोठ्यांच्या पंगतीतून उठला होता. शाळेत वर्गात इंग्रजी, शय्यागृहात हिंदी. रविवारी दहा मिनिटे दूरध्वनी. मागे रांगेत दहा मुले ऐकत उभी, म्हणून आई मराठीत विचारी आणि हा इंग्रजीत 'ठीक आहे' एवढेच सांगे. आठव्या वर्षी मापाने शिवलेला सदरा चौदाव्या वर्षी अंगात घालावा, तशी त्याची मातृभाषा त्याला सर्व बाजूंनी आखूड झाली होती. ज्या भाषेत आपल्याला फक्त लहान मूल होता येते ती भाषा पोरगा पुढे टाकून देतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचे धैर्य आम्हांला होत नाही.

कोणी म्हणेल, मग पाचगणीला ठेवा. ती तर महाराष्ट्रातच आहे. आहे खरी. पण तेथील इंग्रजी शाळांत मराठी बोलावयाची ती बहुधा आचाऱ्याशी आणि माळ्याशी. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला, हे आम्हांला आनंदाचेच वाटते. परंतु त्याने मुलाला पाठ्यपुस्तक मिळाले, बोलावयास माणूस मिळाले नाही. उलट मस्कतच्या त्या सदनिकेत रात्री जेवताना आईबाप एकमेकांशी कचेरीविषयी, पैशाविषयी, पुण्याच्या आजीच्या गुडघ्याविषयी जे मराठी बोलतात ते मसुरीच्या डोंगरावर कोणतेही शुल्क भरून मिळावयाचे नाही. महाराष्ट्र मंडळाचा गणपती तेथे बसतो तो वेगळाच. भाषेसाठी मुलाला स्वदेशी पाठविणारे आईबाप त्याला नेमके त्याच्या एकमेव मराठी बोलत्या घरातून बाहेर काढतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात कशी येत नाही याचे आम्हांला नवल वाटते.

आता तो रविवारचा रकाना. 'पूर्ण निवासी' हे शब्द माहितीपत्रकात सर्रास छापलेले असतात. त्यांचा अर्थ फक्त एवढाच की तुमच्या मुलाला सातही दिवस तेथे राहता येईल. इतर मुले राहतील असा त्याचा अर्थ नव्हे. अनेक शाळांत दिवसापुरती येणारी मुले असतात, आठवड्याची निवासी मुले असतात. शुक्रवारी संध्याकाळी मोटारी फाटकाशी लागतात आणि शनिवारी सकाळी शंभर खाटांच्या दालनात पंधरा मुले उरतात. त्या पंधरांत नेहमी तीच असतात : ज्यांचे आईबाप समुद्रापलीकडे आहेत ती. इंग्लंडातही हाच प्रकार आहे; तेथे तर पूर्ण, साप्ताहिक आणि लवचीक असे निवासाचे तीन भाव सरळ छापलेले असतात, आणि परदेशस्थांच्या मुलांची स्थानिक पालकांच्या घरी होणारी आबाळ लक्षात घेऊन २०२२ च्या सुधारित किमान मानकांत त्या पालकांविषयी स्वतंत्र कलम घालावे लागले. तेव्हा शाळेला घोड्यांची संख्या न विचारता हे विचारावे : गेल्या महिन्यातील रविवारी रात्री तुमच्या वसतिगृहात किती मुले झोपली होती? मधल्या सुट्टीत वसतिगृह उघडे असते की कुलूप लागते? आमच्या त्या मुलाच्या शाळेने एका वर्षी दहा दिवस आधी कळविले की चार दिवस वसतिगृह बंद राहील. आखातातून चार दिवसांसाठी कोण येणार? आम्ही गेलो. आम्ही दिल्लीत नसतो तर काय झाले असते, याचा विचार त्या सूचनापत्रकात नव्हता.

दुसरे एक गणित तक्त्यात सुटले आहे. मसुरीकडील जुन्या शाळांची मोठी सुट्टी हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास पडते. आखातातल्या मराठी कुटुंबांचा रजेचा मोसम असतो ऐन उन्हाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये. म्हणजे आईबाप पुण्यास येऊन आंबे संपवितात तेव्हा मुलगा वर्गात, आणि मुलगा मस्कतला पोचतो तेव्हा आईबाप कामावर. आमच्या त्या मुलाने एक सबंध जानेवारी सदनिकेत एकट्याने दूरचित्रवाणीसमोर काढला. दहा महिने वाट पाहून मिळालेले घर दिवसभर रिकामे!

हे सारे नवे नाही. मुंबईत १८६५ मध्ये जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगला १८७१ मध्ये, सहावे वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, तीन वर्षांच्या बहिणीसह इंग्लंडात साउथसी येथे एका घरी पैसे देऊन ठेवण्यात आले. ती शाळा नव्हती, पण व्यवस्था तीच. तो पोर गोव्याच्या आयेच्या आणि हिंदू नोकराच्या हाताखाली वाढला होता. जेवणघरात पाठविताना आता आईबाबांशी इंग्रजी बोला, असे त्याला बजवावे लागे. आपले मूल आपले राहावे म्हणूनच साहेबही त्याला दूर धाडीत असे. आईची पुन्हा भेट १८७७ मध्ये झाली. मधल्या वर्षांचा छळ किपलिंगने १८८८ च्या एका कथेत मांडला आणि मृत्यूनंतर १९३७ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात पुन्हा सांगितला. म्हणजे सत्तरीपर्यंत ते त्याला विसरता आले नव्हते. त्याच आत्मचरित्रात आणखी एक गोष्ट आहे. दर वर्षी डिसेंबरात महिनाभर तो लंडनला मावशीकडे जाई. त्या घराच्या दाराशी लोखंडी घंटेची ओढणी होती. पुढे ते घर गेले तेव्हा त्याने ती ओढणी मागून घेतली आणि स्वतःच्या दाराला लावली, इतर मुलांनाही ती ओढताना आनंद वाटावा म्हणून. साम्राज्याचे गोडवे गाणाऱ्या या लेखकाशी आमचे सख्य नाही. पण ती ओढणी आम्हांला समजते.

ज्यांचा खरोखरच इलाज नाही त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. जहाजावरचे खलाशी आहेत, शाळाच नाही अशा आफ्रिकेतल्या खाणींवर काम करणारे आहेत, दर तीन वर्षांनी देश बदलणारे वकिलातीतले लोक आहेत. त्यांनी निवासी शाळा घ्यावी, पण मूल निदान अकरा वर्षांचे होऊ द्यावे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये निघाली, १९८६ च्या सुमारास नवोदय विद्यालये निघाली. दोन्ही ठिकाणी मूल सहावीपासून घेतात आणि दोन्ही ठिकाणी सगळीच मुले राहतात, कोणी शनिवारी मोटारीने निघून जात नाही. आदिवासी आश्रमशाळा पहिलीपासून मुले घेतात हे आम्हांला ठाऊक आहे. तेथे पाड्यावर शाळा नसण्याची अडचण आहे, आणि तेथल्या लहानग्यांचे हाल हा काही कोणी अनुकरण करावे असा भाग नव्हे. काही कुटुंबांत आई मुलाला घेऊन परत येते, दोन चुली मांडल्या जातात. काही ठिकाणी आजी-आजोबा सांभाळतात. यांतले काहीच सुखाचे नाही, आणि आजीचे घर म्हणजे फुकटचे वसतिगृह नव्हे, हेही कोणी विसरू नये.

मस्कतच्या पत्रलेखकांना आमचे उत्तर असे. शाळेचे नाव आम्ही कळविणार नाही. अजून अडीच वर्षे मुलाला जवळ ठेवावे. त्यानंतरही विचार कायम राहिला तर अर्ज भरण्यापूर्वी डेहराडूनला यावे, पण शाळा दाखविण्यासाठी जो दिवस मुक्रर करते त्या दिवशी नव्हे. रविवारी दुपारी, जेवणानंतर यावे, आणि वसतिगृहाच्या आवारात तासभर बसावे. मुलाला सोबत आणावे. परतताना दिल्लीत आमच्याकडे उतरावे. आमचा तो मुलगा आता नोकरीनिमित्त गुरुग्रामला असतो. आगाऊ कळविल्यास त्यालाही बोलावून घेऊ. तो आपल्याशी इंग्रजीत बोलेल.