बायोचारचा पैसा येतोय, पण तपासणी कोण करणार?

पऱ्हाट्या, तुराट्या, भाताचा तूस कमी हवेत तापवून केलेला कोळसा म्हणजे बायोचार. तो जमिनीत ओलावा धरतो आणि कार्बन शेकडो वर्षे मातीत अडकवून ठेवतो. म्हणूनच त्याला कार्बन क्रेडिटचा बाजार मिळाला आहे. जानेवारी 2025 मध्ये गूगलने 'वराह' या भारतीय कंपनीकडून 2030 पर्यंत 1 लाख टनांची क्रेडिट घेण्याचा करार केला. हा पैसा गावात येत असेल तर स्वागतच आहे. पण एक प्रश्न आपण आत्ताच विचारला पाहिजे : मातीत कार्बनसोबत आणखी काय जाणार?

लाकूड तापताना पीएएच नावाची रसायने तयार होतात. त्यांतील बेंझो-ए-पायरीन कर्करोगकारक आहे. धूर भट्टीतच कोंडला आणि थंड झाला, की ही रसायने कोळशावरच बसतात. जड धातूंचे गणित वेगळे आहे. शिसे, कॅडमियम, क्रोमियम आगीत नष्ट होत नाहीत. कच्चा माल जळून घटतो आणि यांतले बरेचसे धातू उरलेल्या कोळशात अधिक दाट होतात. रंगवलेले लाकूड किंवा कारखान्याचा गाळ वापरला तर ते थेट शेतात पोहोचतात. पीव्हीसी पाइपचे तुकडे मिसळले तर क्लोरीनमुळे डायॉक्सिनचा धोका वाढतो.

यावर उपाय आहेत, आणि ते फार महागही नाहीत. कच्चा माल स्वच्छ आणि वाळलेला हवा. निघणारा वायू कोळशापासून वेगळा काढून जाळला पाहिजे. शंकूच्या आकाराच्या उघड्या 'कोन-टिकी' भट्टीत वरची ज्योतच हे काम करते. मात्र धातूंवर भट्टीचा इलाज चालत नाही. तिथे कच्चा माल निवडणे हाच उपाय. युरोपीय प्रमाणपत्रात शेतीच्या बायोचारसाठी 16 पीएएचची एकत्रित मर्यादा किलोला साधारण 6 मिलिग्रॅम आहे. क्रेडिट विकत घेणारे जागतिक आहेत, तर मोजमापही त्याच तोडीचे का नसावे?

एकदा मातीत मिसळलेला बायोचार वेचून काढता येत नाही. चूक झाली तर ती पुढच्या पिढ्यांच्या जमिनीत राहील. आणि भट्टीपाशी धूर व कोळशाची भुकटी पहिल्यांदा कोणाच्या छातीत जाते? रोजंदारीवरच्या भूमिहीन मजुरांच्या आणि शेतमजूर बायांच्या. क्रेडिटच्या हिशेबात त्यांच्या फुफ्फुसांचा रकाना नसतो.

म्हणून गावात असा प्रकल्प आला, तर तरुणांनी ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागाव्यात : कच्चा माल कुठला, प्रत्येक खेपेचा पीएएच व जड धातूंचा प्रयोगशाळा अहवाल, आणि मजुरांना मास्क, भुकटी ओली ठेवण्याची सोय व आरोग्य तपासणी. अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेपर्यंत शेतात खेप टाकू देऊ नये.