सावली पडणारा नायक

आपल्या समाजांत कांहीं वाद असे असतात कीं, त्यांत दोन्ही पक्ष तावातावानें बोलतात; पण ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें ती कोणींच नीट पाहिलेली नसते. जुन्या परीकथांच्या आधारें प्रौढ वाचकांसाठीं लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांचा वाद याच जातीचा आहे. अकोल्यास एका सुविद्य स्नेह्यांच्या घरीं गेलों असतां, त्यांनीं आपल्या पदवीधर कन्येच्या हातांतून असें एक पुस्तक काढून घेतलेलें मीं पाहिलें. 'लहान मुलांच्या निर्मळ गोष्टी या लोकांनीं नासविल्या, आणि त्या वाचून आमच्या मुली बिघडणार,' हा त्यांचा निकाल. कन्या कांहीं बोलली नाहीं. तिच्या वतीनें बोलणें मला प्राप्त आहे. मात्र मी जें बोलेन तें सारेंच तिला रुचेल, असें नव्हे.

निकालाचा पूर्वार्ध आधीं घेऊं. परीकथा मूळच्या मुलांच्या, ही समजूतच चुकीची आहे. 'सुंदरी आणि पशु' ही जगप्रसिद्ध कथा मादाम द व्हिलनव्ह या फ्रेंच लेखिकेनें १७४० सालीं प्रसिद्ध केली ती प्रौढांसाठीं, आणि चांगली कादंबरीएवढी लांब. १७५६ सालीं मादाम द बोमाँ यांनीं ती कापूनछाटून मुलींच्या शिक्षणासाठीं बेतली. पुढें ही कापलेली प्रतच जगानें मूळ म्हणून उराशीं धरली. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तींत मनोऱ्यांत कोंडलेली रापुंझेल, आपले कपडे घट्ट कां होऊं लागले, असें भोळेपणानें विचारते. राजपुत्राच्या भेटींचा परिणाम तेवढ्यावरून वाचकाच्या ध्यानांत येतो. पुढील आवृत्त्यांत तो प्रश्न गाळला गेला. मग नासविलें कोणीं आणि काय? आजच्या लेखिका मुलांच्या खोलींत शिरलेल्या नाहींत. त्या आपल्या जुन्या घरीं परतल्या आहेत.

परदेशाचें राहूं द्या. नलदमयंतीचें आख्यान वनपर्वांत युधिष्ठिराला सांगितलें आहे. म्हणजे राज्य हरून रानांत बसलेल्या एका प्रौढ गृहस्थाला. श्रीहर्षानें बाराव्या शतकांत त्याच कथेवर नैषधीयचरित हें २२ सर्गांचें महाकाव्य रचलें, आणि त्यांतील अठराव्या सर्गांतला शृंगार असा उघडा आहे कीं, तो शिकवतांना प्राध्यापकांची नजर पुस्तकावरून वर उठत नाहीं. रघुनाथ पंडितानें ती कथा मराठींत आणली, आणि आपण त्याला पंडित कवींच्या पंक्तींत मानानें बसविलें. संस्कृतांतला शृंगार तो रस आणि इंग्रजींतला तो अनाचार, हा न्याय कोठला?

निकालाचा उत्तरार्ध असा कीं, प्रेमकथांनीं मुली बिघडतात. वर्धा नदीच्या कांठचें कौंडिण्यपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यांत आहे. तेथील राजकन्येनें भावानें ठरविलेलें लग्न झुगारून, स्वतः निरोप धाडून वर बोलाविला. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळांतून तिचें हरण झालें, ही आख्यायिका आपण मुलींना कौतुकानें सांगतों. रुक्मिणीची पालखी आषाढीस पंढरपुरास जाते तेव्हां तिच्यापुढें हात जोडतों. रिद्धपूरच्या महदंबेनें तेराव्या शतकांत याच विवाहावर धवळे गाइले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचा अभिमान वाहतों. ज्या वऱ्हाडांत मराठी स्त्रीच्या काव्याचा आरंभच प्रणयकथेनें झाला, तेथें मुलीच्या हातांतली प्रणयकथा हिसकावून घेणें म्हणजे देवीची ओटी भरावी आणि तिच्याच वाटेंत कुंपण घालावें, असें आहे.

येथवर मी कन्येच्या बाजूनें बोललों. आतां दोन शब्द तिच्याशीं. या लाटेंतील सारा मास यांची २०१५ सालची गाजलेली कादंबरी 'सुंदरी आणि पशु' याच कथेवर उभी आहे. तींतला नायक परीवंशांतला अमर सरदार. आणि अखेरीस मर्त्य नायिकाही त्याच वंशांतली होऊन जाते. या वर्गांतील कित्येक नायक असेच: वय शेंकडों वर्षांचें, अंगावर सुरकुती नाहीं, संपत्तीला पार नाहीं, आणि नायिकेला कोंडून ठेवलें तरी तेंही प्रेमाचेंच लक्षण. बोमाँबाईंचा पशु रोज संध्याकाळीं विवाहाचा प्रश्न विचारी, रोज नकार ऐके, आणि शेवटीं तिला माहेरीं जाऊं देई. त्या पशूला जें कळत होतें, तें या देखण्या अमरांना कळत नाहीं.

आमच्या विदर्भकन्येचें स्वयंवर पहा. इंद्र, अग्नि, वरुण आणि यम नलाचें रूप घेऊन मंडपांत बसले. दमयंतीपुढें पांच नल उभे. तिच्या प्रार्थनेवरून देवांनीं आपलीं चिन्हें प्रकट केलीं. त्यांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, माळ कोमेजत नव्हती, पाय भूमीला टेकत नव्हते, सावली पडत नव्हती. पांचवा मात्र घामेजलेला, धुळीनें माखलेला, कोमेजल्या माळेचा, आणि त्याची सावली जमिनीवर पडलेली. तिनें वरमाला त्याला घातली. पुढें याच माणसानें द्यूतांत राज्य घालविलें आणि तिला रानांत निजलेली टाकून तो निघून गेला. दमयंती नुसती रडत बसली नाहीं; ब्राह्मण धाडून तिनें त्याचा माग काढला, दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून त्याला विदर्भांत ओढून आणलें, आणि समोर उभा करून जाब विचारला. प्रौढ प्रणयकथा म्हणावी ती ही. शय्यागृहाचीं वर्णनें कोणीही करील. मर्त्य माणूस निवडून त्या निवडीची किंमत मोजणारी नायिका उभी करणें, यांत लेखणीची परीक्षा आहे.

म्हणून स्नेह्यांना माझें सांगणें कीं, पुस्तक मुलीला परत करावें. आणि मुलीला सांगणें कीं, त्याच्या शेजारीं नलोपाख्यान ठेवावें. प्रत्येक नायकाविषयीं तिनें एकच प्रश्न विचारावा: याची सावली पडते काय? आमच्या वऱ्हाडांतील लिहित्या हातांनाही एक विचारावेंसें वाटतें. कौंडिण्यपूर आपल्या दाराशीं असतां, दमयंतीची आजच्या प्रौढ वाचकाला वाचावीशी वाटेल अशी कादंबरी लिहिण्यास कोणाची वाट पहावयाची आहे?