कूलर ठेवून देण्यापूर्वी

पाऊस पडला की कूलर कोपऱ्यात जातो, टाकीत चार बोटे पाणी तसेच राहते. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. पाणी काढले तरी कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहून महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आम्ही सांगतो, आधी प्लग काढा, मगच पत्र्याला हात लावा. टाकीतले पाणी झाडांच्या मातीत ओता. २०१३ साली पाण्याअभावी आपले औष्णिक वीज केंद्र बंद पडले होते, हे परळीकरांनी विसरू नये. टाकी ब्रशने घासून वाळवा, जुने गवत काढून टाका. पुढच्या उन्हाळ्यात अर्थिंग तपासल्याशिवाय बटण दाबू नका, आणि चालू कूलरमध्ये पाणी भरायला मुलांना कधीच पाठवू नका.