किरणोपचार आणि संकोच

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या माणसाला आपण ‘आता बरे आहे ना?’ असे विचारतो आणि ‘बरे आहे’ या उत्तरावर समाधान मानतो. त्या दोन शब्दांखाली किती यातना झाकल्या जातात, याची नोंद क्वचितच होते.

ब्रिटनमध्ये ती झाली. ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासात ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ देखरेख अशा तीन गटांत विभागणी केली गेली. १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. या कर्करोगाने दगावलेले एकंदरीत शेकडा तीनहूनही कमी होते आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग निवड करावयाची ती कशावरून? येथे रुग्णांनी वर्षानुवर्षे भरून दिलेल्या प्रश्नावल्या कामी आल्या. लघवी गळत असल्याने पॅड वापरणारे शस्त्रक्रियेच्या गटात बाराव्या वर्षीही शेकडा २४ होते, किरणोपचाराच्या गटात ८. उलट नकळत शौच होण्याचा त्रास किरणोपचाराच्या गटात शेकडा १२ जणांना होता, इतर गटांत ६ जणांना. हे कोणत्याही यंत्राने शोधले नाही. माणसांनी सांगितले म्हणून कळले.

आपल्याकडे अडते ते या सांगण्यापाशीच. किरण घेताना वेदना होत नाहीत, त्यामुळे उपचार सोपा वाटतो. परंतु मूत्राशय व गुदाशय या ग्रंथीला लागूनच असतात. लघवीची जळजळ, रात्रीचे वारंवार उठणे, पातळ शौच, थकवा हे त्रास बहुधा उपचारानंतर काही आठवड्यांत ओसरतात. शौचावाटे रक्त मात्र महिन्यांनी किंवा वर्षांनीही जाऊ शकते आणि लैंगिक क्षमता हळूहळू उणावू शकते. यांपैकी अनेक त्रासांवर इलाज आहेत. पण न सांगितलेल्या दुखण्यावर कोण इलाज करणार?

हा संकोच घातकही ठरू शकतो. रक्त दिसले की मूळव्याध समजून माणूस नव्या डॉक्टरकडे जातो आणि किरणोपचाराचा उल्लेखही करीत नाही. किरण लागलेल्या गुदाशयाच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी काढल्यास ती जखम भरून न येण्याचा धोका असतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. दुसरीकडे, शरीराबाहेरच्या यंत्रातून किरण घेतलेल्या आजोबांच्या अंगात किरणोत्सर्ग मुळीच उरत नसतानाही नातवंडांना त्यांच्यापासून दूर ठेवणारी घरे आहेत.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, मुलासुनेच्या देखत, असले प्रश्न विचारले तरी खरे उत्तर कसे मिळावे? उपचारापूर्वी संभाव्य त्रास मराठीत लिहून द्यावेत, प्रत्येक फेरीला छापील प्रश्नावली भरून घ्यावी आणि दोन मिनिटे तरी रुग्णाशी एकांतात बोलावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. आयुष्य वाढविणाऱ्या वैद्यकाने, ते आयुष्य कसे जात आहे, हेही विचारलेच पाहिजे.