तक्रारी : निरंक

जुलै-ऑगस्ट आला की आमच्या संस्थेत कॉलेजांचे फोन सुरू होतात. ‘मॅडम, मुलींसाठी एक व्याख्यान ठेवायचंय. सुरक्षितता हा विषय. जमलं तर कराटेचं प्रात्यक्षिकही बघा.’ मुलग्यांना बसवणार का, असं विचारलं की पलीकडून हसू ऐकू येतं. ‘नको हो, ते दंगा करतात.’ म्हणजे ज्यांच्या वागण्याबद्दल बोलायचं ते कँटीनमध्ये, आणि ज्यांना ते सोसावं लागतं त्या सभागृहात उपदेश ऐकायला.

ही व्याख्यानं मी देते. कराटेलाही माझा विरोध नाही. मुलीच्या अंगात बळ आलं, आवाज चढला तर हवंच आहे. पण ही सगळी तयारी चालते ती अंधाऱ्या गल्लीतून झडप घालणारा कुणी अनोळखी माणूस डोळ्यांपुढे ठेवून. आमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या हकिगतींत हा माणूस क्वचितच भेटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगताहेत, की नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. आमच्या मुलींच्या बाबतीत तो असतो प्रॅक्टिकलचे मार्क हातात असलेला सर, गॅदरिंगच्या तालमीनंतर गाडीवरून सोडणारा सीनियर, ‘आपण लग्न करणारच आहोत’ म्हणणारा मित्र, नाहीतर शिकायला ज्या घरी राहायचं त्या घरातला दादा. अशा वेळी कोपराचा फटका कसा मारायचा हे माहीत असूनही हात उचलत नाही. शरीर गोठून जातं.

आणि मग चौकशीला बसलेले लोक विचारतात, ‘ओरडली का नाहीस?’ मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या जन्माइतका जुना आहे. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा तिच्या अंगावर जखमा नाहीत ही गोष्ट तिच्याच विरोधात धरली गेली. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे २०१३ पासून कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. कॉलेजच्या स्टाफरूमपर्यंत ते अजून पोचायचं आहे.

स्टाफरूमला सुचतो तो उपाय कुलुपाचा. वसतिगृहाचं दार संध्याकाळी सातला बंद, मुलग्यांचं रात्रभर उघडं. वॉचमन वाढवा, कॅमेरे लावा, बाहेर जायचं तर वडिलांचा फोन हवा. जून २०२३ मध्ये मुंबईत मुलींच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत खून झाला. संशय होता तिथल्याच रखवालदारावर. त्याचा मृतदेह रेल्वेमार्गावर सापडला. तेव्हा कुलूप कुणाच्या हातात देतो आहोत, हेही बघायला नको का? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली लागू केलेल्या विनियमांत तर सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या वसतिगृहांना मुलग्यांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत असं म्हटलेलं आहे. हे वाक्य मी व्याख्यानात वाचून दाखवते. मुली टाळ्या वाजवतात, रेक्टरबाई घड्याळ बघतात.

याच विनियमांनी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक केली आहे. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी, आणि बाहेरच्या संघटनेतली एक व्यक्ती. अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्यांनी समितीत बसायचं नाही. घटनेनंतर तीन महिन्यांत तक्रार द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. ती चालू असताना तक्रारदार मुलीचे पेपर त्या सरांनी तपासू नयेत, अशी व्यवस्था मागता येते.

प्रत्यक्षात काय दिसतं? समिती नॅकच्या फायलीत असते. अध्यक्षपदी संस्थाचालकांच्या सूनबाई. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणजे सरांनी बोट दाखवलेली पहिल्या बाकावरची मुलगी. वर्षाच्या शेवटी अहवाल जातो : तक्रारी – निरंक. हा शब्द मोठ्या अभिमानाने लिहितात. दोन हजार मुलींच्या कॉलेजात पाच-पाच वर्षं एकही तक्रार येत नाही याचा अर्थ तिथे काही घडत नाही असा नसतो, तिथे कुणी बोलू धजत नाही असा असतो.

का धजावं? तालुक्याच्या गावात मुलीच्या दृष्टीने पहिला धोका तो माणूस नसतोच. पहिला धोका घरी कळण्याचा. कळलं की एस.टी.चा पास बंद, कॉलेज बंद, दिवाळीनंतर लग्न. आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने तक्रार दिली, तर समितीने पहिलं काम काय केलं? तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. मुलगी एकोणीस वर्षांची, सज्ञान. तिला न विचारता. वर ‘समजुतीने मिटवा’ असा सल्ला. तडजोडीचा मार्ग फक्त तक्रारदाराने मागितला तरच आणि पैशाच्या व्यवहाराविना, असं कायदा सांगतो. इथे तो सल्ला अध्यक्षबाईच देत होत्या. मुलीने तक्रार मागे घेतली. त्या वर्षीचा अहवालही निरंकच गेला.

समिती नुसती असून भागत नाही, याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण ओडिशातल्या बालासोरचं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या एका विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. कॉलेजात समिती होती. १२ जुलैला तिने कॉलेजच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतलं आणि दोन दिवसांनी ती गेली.

म्हणून व्याख्यानाचा अर्धा वेळ मी आता ‘नंतर काय’ यावर घालवते. बलात्कारानंतर दवाखान्यात जायला पोलिसांचा कागद लागत नाही. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत आणि ताबडतोब द्यावेच लागतात. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. कपडे धुवू नयेत, कागदात गुंडाळून ठेवावेत. पण आंघोळ केली असली तरी सगळं संपलं असं समजू नये. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. मुलगी अठराच्या आतली असेल, आणि अकरावी-बारावीच्या बहुतेक असतातच, तर पोक्सोखाली पोलिसांना कळवणं कॉलेजवर बंधनकारक आहे; तिथे समितीने बसून मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. फोन करायचा तर ११२ आणि १८१.

आता थोडं आपल्याविषयी. बाहेरची सदस्य म्हणून जी खुर्ची आहे, तिच्यावर आपणच बसतो. पुष्कळदा ती खुर्ची म्हणजे सहीची जागा असते. शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो, ‘मागच्या दोन मीटिंगच्याही करायच्या राहिल्यात’ म्हणतो. काही संघटना करतात सही. कॉलेजशी बिघडवायचं नसतं. शिबिरांना हॉल लागतो, एन.एस.एस.च्या मुली लागतात. अडचण खरी आहे, आमच्या संस्थेलाही ती आहेच. पण त्या सहीमुळे ‘निरंक’ला चळवळीचा शिक्का मिळतो. उद्या एखादी मुलगी हिंमत करून पुढे आली, तर तिच्यासमोर कॉलेज आपलंच नाव धरणार : बघ, स्त्री-संघटनेची बाईसुद्धा समितीत आहे.

न झालेल्या सभेवर सही करायची नाही, हे मी कॉलेजांना लेखी कळवलं आहे. एका ठिकाणी त्यानंतर बोलावणंच आलं नाही. दुसरीकडे प्राचार्यांनी कुरकुरत का होईना, विद्यार्थी प्रतिनिधींची निवडणूक घेतली. समितीतल्या सगळ्यांची नावं आणि फोन नंबर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारावर आतून चिकटवले. ही सूचना मुलींचीच. ऑफिससमोरच्या फलकापाशी उभं राहून नंबर उतरवून घेताना कुणी बघेल, म्हणाल्या. दोन महिन्यांत तीन फोन आले.

प्रत्येक जिल्ह्यातल्या संघटनांनी एकत्र बसून हे ठरवावं असं मला वाटतं. एकीने नकार दिला की कॉलेज दुसरीकडे जातं, तिथून होकार येतो, असं चालू राहिलं तर नकाराला किंमत उरत नाही. सदस्यत्वाचं पत्र आलं की सगळ्यांनी एकच उत्तर पाठवावं : मागच्या वर्षी किती सभा झाल्या, विद्यार्थी प्रतिनिधींची निवड कधी झाली, मुलग्यांची सत्रं किती घेतली, ते कळवा. मग बघू.